रस्ते झाडल्याने नागनदीत जाणारी घाण खरोखर कमी होते का?

नमस्कार. आपला प्रश्न मला असा समजला आहे. नागपूरच्या नंदनवन भागातील आपल्या वस्तीत रोज सकाळी रस्ता झाडला जातो, तरीही जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसात पावसाळी नालीतून काळेशार पाणी वाहते. मग या झाडण्याने नदीचे काही भले होते, की रस्ता केवळ नजरेला स्वच्छ दिसतो? रहिवासी संघाने यंत्राने झाडून घेण्याची मागणी करावी का, आणि नालीच्या तोंडांना बारीक जाळ्या बसवाव्यात का, हेही आपण विचारले आहे. पावसाळी पाण्याचा निचरा आणि रस्तेसफाईचे नियोजन या दोन्ही कामांत माझी बरीच वर्षे नागपुरात आणि विदर्भातील काही लहान नगरपालिकांत गेली आहेत, त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहितो.

झाडल्याने उपयोग होतो, परंतु झाडलेली घाण पावसाआधी रस्त्यावरून उचलून नेली तरच. सकाळी रस्ता झाडून केर नालीत लोटला, किंवा ढीग करून दोन दिवस तसाच ठेवला, तर नदीच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. उलट वाऱ्याने इतस्ततः पसरलेली धूळ आपण एकत्र करून नालीच्या तोंडाशी आणून ठेवलेली असते. म्हणून आपल्या संघाने रस्ता रोज झाडला जातो की नाही यापेक्षा झाडलेले किती वाजता आणि कुठे नेले जाते, हे विचारायला हवे.

हे इतके महत्त्वाचे का, हे समजण्यासाठी पाण्याचे दोन मार्ग वेगळे ओळखावे लागतील. घरातील सांडपाणी गडरलाइनमध्ये जाते आणि त्याचा काही भाग भांडेवाडीच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचून तिथे शुद्ध होतो. पावसाळी नालीचे तसे नाही. रस्त्यावर पडलेले पाणी नालीत, नालीतून नाल्यात आणि नाल्यातून नागनदीत कोणत्याही प्रक्रियेविना जाते. पुढे नागनदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. आपल्या रस्त्यावरचे जे काही पावसाच्या पाण्यात विरघळेल किंवा तरंगेल, त्याला अडवणारी या संपूर्ण वाटेवर एकही ठरवून केलेली व्यवस्था नाही. त्यामुळे ती घाण अडवण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे रस्ताच. रस्त्याच्या कडेची घमेलेभर गाळमिश्रित धूळ एक माणूस फावड्याने उचलू शकतो. तीच नालीच्या चेंबरमध्ये बसली की झाकण उघडून दोन माणसांना खपावे लागते, आणि नदीच्या तळाशी पोहोचली की पोकलेन लावावे लागते.

आता रस्त्यावर नेमके काय असते ते पाहू. आपल्याकडच्या सिमेंट रस्त्याचा मधला भाग वाहनांच्या वाऱ्यानेच बऱ्यापैकी स्वच्छ राहतो. घाण साचते ती कडेला, जिथे सिमेंट संपून गट्टू (फरशीसारखे सिमेंटचे ठोकळे) सुरू होतात, किंवा दुभाजकाच्या पायथ्याशी, साधारण हातभर रुंदीच्या पट्ट्यात. मे महिन्यात त्या पट्ट्यावर खुरपी चालवून पाहा. वर सुकी पाने, खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या) पन्न्या, चहाचे कागदी कप आणि रेतीचे जाड कण सापडतील. त्याखाली राखाडी-काळी, पिठासारखी बारीक, बोटाला चिकटणारी धूळ असते. काळ्या मातीचे कण, सिमेंटची भुकटी, टायरची झीज, ब्रेकच्या पट्ट्यांची झीज, गाड्यांमधून ठिबकलेले तेल आणि धुरातील काजळी हे सारे त्या थरात मिसळलेले असते. टायरच्या झिजेतून जस्त येते, ब्रेकमधून तांबे. शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले, तरी त्या काळातील शिसे जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत काही प्रमाणात अजून असू शकते, कारण धातू कुजून नाहीसे होत नाहीत.

ही धूळ मूठभर घेऊन पारदर्शक बाटलीत पाण्याबरोबर हलवा आणि बाटली टेबलावर ठेवून द्या. संघाच्या बैठकीत मी हा प्रयोग आवर्जून करायला सांगतो, कारण त्यातून पुढचा सगळा विषय डोळ्यांसमोर उभा राहतो. रेती काही सेकंदांत तळाला बसते, गाळाचे कण खाली यायला काही मिनिटे घेतात, आणि सर्वांत बारीक कण दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी गढूळ ठेवतात. नालीत आणि नदीतही हेच होते. रेती चेंबरमध्ये बसून नाली तुंबवते आणि बारीक कण वाहत्या पाण्याबरोबर दूर जाऊन, पाणी जिथे संथ होते अशा तलावात किंवा धरणात बसतात.

दुर्दैवाने प्रदूषणाचा मोठा वाटा याच बारीक कणांना चिकटून जातो. अमेरिकेत १९७२ साली अनेक शहरांच्या रस्त्यांवरील धुळीचा पहिला मोठा अभ्यास झाला. त्यात ४३ मायक्रॉनपेक्षा बारीक, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही लहान कण एकूण वजनाच्या केवळ ६ टक्क्यांच्या आसपास भरले, पण जड धातूंपैकी निम्म्याहून अधिक आणि शेवाळ वाढवणाऱ्या पोषकद्रव्यांपैकी एकतृतीयांश ते निम्मा भाग त्यांच्याबरोबर होता. त्या वेळची ब्रशची यंत्रे रस्त्यावरची एकूण घाण साधारण निम्मी उचलत, पण या बारीक कणांपैकी जेमतेम १५ टक्के. रस्ता स्वच्छ दिसणे आणि पाणी स्वच्छ होणे या दोन गोष्टींमधले अंतर या आकड्यांवरून कळते. खराट्याचेही तसेच आहे. खराटा पाने, पन्न्या आणि रेती उत्तम गोळा करतो. बारीक धूळ मात्र उडवतो आणि मागे ठेवतो. म्हणून कडेच्या पट्ट्यात आठवड्यातून एकदा तरी खराट्यानंतर मऊ, दाट केसांचा झाडू आणि सपाट फावडे चालवले पाहिजे, हे मी प्रत्येक ठिकाणी सुचवत आलो आहे. काम सावकाश होते, पण नदीसाठी खरा उपयोग त्याच कामाचा आहे.

वेळ कोणती निवडायची, हे पूर्णपणे आपल्या हवामानावर अवलंबून आहे, आणि इथे परदेशातील वेळापत्रके जशीच्या तशी उचलून चालणार नाहीत. जिथे वर्षभर थोडाथोडा पाऊस पडतो तिथे रस्ता दर काही दिवसांनी आपोआप धुतला जातो. नागपुरात ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत, अवकाळीचे काही दिवस सोडले तर, रस्ता कोरडा असतो. या काळात धूळ वाढतच जाते असे मात्र नाही. झाडल्यानंतर किंवा पावसानंतर पहिल्या काही दिवसांत ती झपाट्याने साचते, आणि मग जितकी पडते जवळपास तितकीच वाहनांच्या वाऱ्याने उडून अंगणात, दुकानांत आणि आपल्या फुप्फुसांत जाते, त्यामुळे रस्त्यावरचा साठा एका पातळीला स्थिरावतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात झाडण्याचा लाभ मुख्यतः हवेला होतो. पाण्याच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत मोलाचे दिवस म्हणजे मेचा शेवटचा आठवडा ते मृगाच्या सरी येईपर्यंतचा काळ. त्या वेळी कडेला जे शिल्लक असेल ते पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत एकदम नालीत उतरते, आणि आपल्याला दिसणारे काळे पाणी तेच असते. आपल्या वस्तीत सफाईसाठी जादा माणसे किंवा जादा गाडी वर्षातून एकदाच मिळणार असेल, तर ती दिवाळीच्या आधी मागू नका, या पंधरवड्यात मागा.

दुसरी संधी पावसाळ्यातच मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये उघाड पडते, तीन-चार दिवस ऊन येते, नाल्यांच्या कडेचा चिखल सुकून त्याची पापडी होते. ही पापडी फावड्याने सहज निघते. पुढच्या सरीपूर्वी ती उचलली तर तोच गाळ पुन्हा नालीत जात नाही. पावसाळ्यात रस्ता पावसानेच धुऊन निघतो, तेव्हा झाडण्याची गरज नाही, असा समज सर्वत्र आढळतो. नदीच्या बाजूने पाहिले तर हा समज अगदी उलटा आहे, कारण रस्ता धुऊन निघतो म्हणजेच नदी घाण होते. टँकरने रस्ते धुण्याच्या प्रकारालाही माझा याच कारणाने विरोध आहे. एखाद्या उत्सवानंतर किंवा मारबतीची मिरवणूक झाल्यावर रस्ता पाण्याने धुतला की लोक खूश होतात, परंतु आपण भर कोरड्या दिवशी कृत्रिम पाऊस पाडून सगळी घाण नालीत घातलेली असते. आधी कोरडे झाडून उचलावे. धुवायचेच असेल तर त्यानंतर, तेही कमीत कमी पाण्यात.

आता उचलण्याबद्दल, कारण माझ्या अनुभवात नव्वद टक्के वेळा काम इथेच अडते. सफाई कामगार केर नालीत का लोटतो, याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच्या आळसात नसते. त्याला दिलेली ढकलगाडी अर्ध्या रस्त्यात भरते, ती रिकामी करण्याची जागा लांब असते, आणि रस्ता अमुक वाजेपर्यंत झाडून दिसला पाहिजे असा जमादाराचा तगादा असतो. नाली मात्र पायाशी असते. रस्त्याची लांबी, केराचे प्रमाण आणि गाडी रिकामी करण्याचे अंतर यांचा हिशेब जुळवला नाही, तर माणूस कितीही प्रामाणिक असला तरी केर नालीतच जाणार. आपल्या संघाने सकाळी एकदा कामगारांबरोबर रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावे, गाडी कुठे भरते ते पाहावे, आणि महापालिकेच्या झोन कार्यालयाकडे त्या ठिकाणी केर उचलणारी गाडी ठरावीक वेळी थांबावी, अशी लेखी मागणी करावी. कामगारांना ऐवजदार (बदली कामगार) म्हणून राबवून घेताना मास्क, हातमोजे आणि चांगले फावडे देण्यात काटकसर होत असेल तर तेही त्याच पत्रात लिहावे. बारीक धूळ उचलण्याची अपेक्षा आपण ज्यांच्याकडून करतो, ती धूळ सर्वांत आधी त्यांच्याच छातीत जाते.

नालीतून काढलेल्या गाळालाही हेच लागू आहे. पावसाळ्यापूर्वी चेंबर साफ होतात आणि काढलेला गाळ सुकण्यासाठी शेजारीच ठेवला जातो. ओला गाळ गाडीतून नेताना रस्ताभर सांडतो, म्हणून एक-दोन दिवस सुकवणे योग्यच आहे. पण ते एक-दोन दिवस पंधरा झाले आणि मधे पाऊस आला, की केलेले काम पाण्यात जाते. गाळ काढल्याची तारीख आणि उचलल्याची तारीख, दोन्ही लिहून ठेवा.

यंत्राच्या मागणीबद्दल माझे मत परिस्थितीनुसार बदलते. रस्ता रुंद आहे, पृष्ठभाग सलग सिमेंटचा आहे आणि झाडण्याच्या वेळी कडेला गाड्या उभ्या नाहीत, अशा ठिकाणी हवेने ओढून घेणारे यंत्र खराट्यापेक्षा नक्कीच सरस ठरते. विशेषतः दुभाजकाच्या कडेची धूळ ते चांगली उचलते, आणि वर्दळीच्या रस्त्यावर माणसाचा जीवही धोक्यात जात नाही. आपल्या वस्तीतील आतल्या रस्त्यांवर मात्र दोन्ही बाजूंनी चारचाकी उभ्या असतात, म्हणजे जिथे घाण आहे नेमका तोच पट्टा यंत्राला मिळत नाही, आणि गट्टूंच्या फटींमधून ते फारसे काही ओढू शकत नाही. यंत्र फार वेगाने चालवले तरीही धूळ मागे राहते. माणसाच्या झपझप चालण्याइतका वेग पुरे. त्यामुळे आतल्या रस्त्यांसाठी यंत्रापेक्षा ठरलेल्या वारी एका बाजूच्या गाड्या हलवण्याची शिस्त संघाने लावली, तर साध्या फावड्यानेही मोठा फरक पडेल.

यंत्रांबद्दलचे पुरावेही सावधपणे वाचावे लागतात. अमेरिकेत १९८३ साली संपलेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की रस्ते झाडल्याने पावसाळी पाण्याच्या गुणवत्तेत सहसा लक्षणीय सुधारणा होत नाही. तेव्हाची यंत्रे प्रामुख्याने ब्रशची होती. पुढे विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरात नव्या यंत्रांची तुलना झाली आणि २००७ साली तिचे निष्कर्ष आले. हवेचा झोत सोडून धूळ उचलणाऱ्या यंत्रामुळे रस्त्यावरची घाण सुमारे तीन चतुर्थांशाने घटली, ब्रशच्या यंत्रामुळे जेमतेम एक पंचमांशाने. तरीही नालीतील पाण्यात मात्र तसा स्पष्ट फरक सिद्ध करता आला नाही. पाऊस प्रत्येक वेळी वेगळा पडतो, अंगणातील आणि मोकळ्या जागेतील मातीही वाहून येते, आणि या गोंधळात झाडण्याचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते. हे मी आपल्यापासून लपवत नाही, कारण झाडल्याने नदी स्वच्छ होईल असे आश्वासन कोणी दिले तर ते खोटे ठरेल.

त्याच मॅडिसनमध्ये पानांबद्दल केलेल्या अभ्यासाचे २०१६ साली आलेले निष्कर्ष मात्र ठळक होते. पानगळीच्या काळात रस्त्यावरची पाने पावसाआधी वेळच्या वेळी उचलली, तेव्हा त्या हंगामातील पाण्यातून जाणारा एकूण फॉस्फरस ८४ टक्क्यांनी आणि नायट्रोजन ७४ टक्क्यांनी घटला. पान पाण्यात भिजले की चहाच्या पत्तीप्रमाणे त्यातील फॉस्फरस बाहेर पडतो, आणि तोच तलावात शेवाळ आणि जलपर्णी वाढवतो. आपल्याकडे पानगळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, म्हणजे कोरड्या दिवसांत होते, हे आपले भाग्य आहे. पाने उचलायला भरपूर वेळ मिळतो. सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्ससारख्या झाडीच्या भागांत हे काम सर्वांत फलदायी ठरेल, पण कडुनिंब आणि पिंपळ तर प्रत्येक वस्तीत आहेत. पाने जाळू नका, हे मात्र निक्षून सांगतो. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली ५,००० रुपयांचा दंड ठरवून दिला आहे, तो धुरासाठी. आणि नदीच्या दृष्टीने पाहिले तर पान जाळल्यावर फॉस्फरस राखेत शिल्लक राहतो आणि ती राख पहिल्या सरीत वाहून जाते. वस्तीतील उद्यानात खड्डा करून पानांचे खत करणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

आपल्या प्रश्नात नसलेली, पण आपल्या भागात नक्की असणारी एक गोष्ट म्हणजे बांधकामाची रेती. रस्त्यावर टाकलेल्या ट्रकभर रेतीच्या ढिगाला एक जोरदार सर लागली, तर त्यातून जेवढा गाळ नालीत जातो तेवढा संपूर्ण गल्ली कित्येक आठवडे झाडूनही वाचवता येत नाही. ढिगाभोवती विटांचा एक थर आणि वर ताडपत्री, एवढी अट संघाने प्रत्येक बांधकामाला घालावी. सिमेंट कालवल्यानंतर घमेली नालीशी धुण्याची सवयही थांबवायला हवी, कारण ते पाणी अत्यंत अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणधर्माचे असते आणि नालीत सिमेंटचा थर घट्ट बसतो.

झाडण्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. नागनदीला वर्षभर जी दुर्गंधी येते ती मुख्यतः सांडपाण्याची आहे, आणि गडरलाइन फुटून किंवा चुकीच्या जोडण्यांमधून पावसाळी नालीत येणारे मैलापाणी कितीही झाडले तरी थांबणार नाही. आपल्या नालीतून भर मे महिन्यात पाणी वाहत असेल तर ते पावसाचे नाही, एवढे लक्षात घ्या, आणि त्याची तक्रार वेगळी करा. तसेच २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झाला तसा, काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस केवळ स्वच्छ नाल्यांच्या भरवशावर सामावणार नाही. नाल्या मोकळ्या असल्या तर नेहमीच्या पावसात पाणी साचत नाही. एवढे साधले तरी ते थोडे नाही.

काम होते आहे की नाही हे ताडून पाहण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. एक गल्ली निवडा, तिथून उचललेल्या कडेच्या गाळाची पोती मोजून वहीत लिहा, आणि त्या गल्लीच्या शेवटच्या चेंबरमध्ये मेअखेर आणि जुलैअखेर काठी घालून गाळाची उंची मोजा. शेजारच्या, नेहमीप्रमाणे झाडल्या जाणाऱ्या गल्लीच्या चेंबरचेही तेच मोजमाप ठेवा. एका पावसाळ्यावरून निष्कर्ष काढू नका, पण दोन पावसाळ्यांच्या नोंदी घेऊन झोन कार्यालयात गेलात तर आपले म्हणणे कोणी सहज उडवून लावू शकणार नाही.

राहिला जाळ्यांचा प्रश्न. नालीच्या तोंडाला बारीक जाळी लावली की पहिल्याच सरीत खर्ऱ्याच्या पन्न्या आणि पाने तिला चिकटतात, पाणी आत जाणे बंद होते आणि रस्ता तुंबतो. मग वैतागून कोणीतरी ती जाळी उचकटून टाकतो. म्हणून बोटभर अंतराच्या उभ्या सळया असलेली जाळी घ्या, ती फक्त उताराच्या शेवटच्या दोन-तीन तोंडांना लावा, आणि प्रत्येक जाळीसाठी समोरच्या घरातील एका माणसाचे नाव आधी ठरवा, जो सर ओसरल्यावर काठीने ती मोकळी करून निघालेला केर बादलीत भरून कचरागाडीत देईल. असा माणूस मिळत नसेल त्या तोंडाला जाळी लावू नका.